भात्याचं बटण

मास्तरांनी दोन्ही हात ऑर्गनच्या पट्ट्यांवर टाकले आणि चर्चभर नुसती खटखट ऐकू आली.

पहिल्या बाकावर बसलेल्या काकूंना, मास्तरांच्या बायकोला, लगेच उमगलं. चहाच्या सुट्टीत कुणीतरी भाता बंद केला होता. हवाच नाही, तर नळ्या वाजणार कशाच्या! भात्याचं बटण वर सज्ज्यात, ऑर्गनमागच्या खोलीत. लग्न झाल्यापासून ते काकूच दाबत आल्या होत्या. नवऱ्याने त्याला कधी हात लावला नव्हता. आज गुडघा सुजला म्हणून त्या जिना चढल्या नाहीत, आणि बटणाचं कुणाला सांगायचं राहून गेलं.

मास्तर मात्र रंगात आले होते. मान डोलत होती, पाय खालच्या पट्ट्यांवर झपाझप फिरत होते. लाकडावर लाकूड आपटत होतं, बस.

ऑर्गनवादकांच्या मंडळाची ही दर महिन्याची बैठक. दोघे एकत्र आले की तिसऱ्याची उणीदुणी काढणारच, अशी ही मंडळी. आज मात्र सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मास्तरांना ऐकू येत नाही, हे सगळ्यांना एकदमच कळलं होतं. काकूंनी ते वर्षभर झाकलं होतं. फोन त्याच घ्यायच्या, कुणी काही विचारलं की पुढे होऊन उत्तर द्यायच्या. आणि आज हे असं उघड्यावर आलं.

चिटणीस मास्तरांचे जुने शिष्य. ते वाकून म्हणाले, "काकू, पटकन बटण दाबून येतो."

काकूंनी त्यांचं मनगट धरलं. "नको रे. त्यांच्या समोरूनच जावं लागतं. तू दिसलास की कळेल त्यांना."

"पण असं किती वेळ—"

"वाजवणं सुटलं तर हा माणूस माझ्या हाती लागायचा नाही. बस खाली."

चिटणीस बसले. मास्तर वाजवत होते ती रचना त्या बाकांवरच्या बहुतेकांना त्यांनीच शिकवली होती. नुसत्या खटखटीतूनही ती ओळखू येत होती. शेवटच्या संथ भागात बोटं हलकी पडू लागली, तसा एकाने चष्मा काढला. मग दुसऱ्याने नाक ओढलं. काकूंनी तर पदरच तोंडाला लावला.

चर्चमध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत, हा मंडळाचा नियमच होता. मास्तरांनी शेवटची पट्टी लांबवून सोडली, वळून खाली बसलेल्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. मग कठडा धरत जिना उतरले, काकूंशेजारी टेकले. कुजबुजायच्या बेताने, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"बघितलंस? एकाचाही डोळा कोरडा नाही. आणि मी आपला घाबरत होतो, हात गेला म्हणून."