माणशी शंभर वॅट

दुसऱ्यांच्या घरी एसी बसवणारा तो आज स्वतःच्या बेडरूममधल्या उष्णतेचा हिशेब करत होता. एसी बसणार त्याच भिंतीवर पेन्सिलीनं आकडे मांडून झाले. टीव्ही, ट्यूबलाइट वॅटमध्ये. एसीची ताकद मात्र बीटीयूमध्ये, म्हणून सगळ्याला ३.४ नं गुणायचं. बाहेर हॉलमध्ये आई पुठ्ठ्यानं वारा घेत होती, त्याची फडफड आत ऐकू येत होती.

“आता माणशी शंभर वॅट. अंगाची ऊबसुद्धा धरावी लागते,” तो बायकोला म्हणाला. “आपण दोघं, म्हणजे दोनशे.”

“तीन धरा,” चादरीची घडी घालत ती म्हणाली.

त्याच्या हातातली पेन्सिल पडली. लग्नाला सात वर्षं झाली होती. “खरंच? अगं, मग बस ना आधी!”

ती गोरीमोरी झाली, मग हसली. “तसं नाही हो. आईंना उकाड्यात झोप लागत नाही. त्यांची खाट खिडकीशी मावते, मी मोजून बघितलंय.”

त्यानं पेन्सिल उचलली. दोनशे खोडून तीनशे लिहिले, पण पुढचा गुणाकार काही जमेना.

बाहेरची पुठ्ठ्याची फडफड ‘तीन धरा’ म्हटलं तेव्हाच थांबली होती.