चार स्तामातिस

"चूक तुझ्याच भागात आहे, एवान्थिया. मालक जेवून आले की मी त्यांना तसं सांगणार," पांडेलिस साहेब म्हणाले. "सोमवारपासून तिकिटांचं काम दुसऱ्याकडे."

बोटीच्या तिकिटांचा नवा प्रोग्रॅम चालता चालता मधेच गप्प बसायचा. तिकिटांचा भाग एवान्थियाने लिहिलेला, म्हणून खापर तिच्या डोक्यावर. ग्रीसमधल्या पिरेयस बंदराचा अख्खा धक्का खिडकीतून दिसत होता. ती तिकडे बघतही नव्हती.

समोर डीबगर उघडा होता. चालता प्रोग्रॅम थांबवून त्याच्या पोटात डोकावायचं हत्यार ते. आत वीसेक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी वीसेक कामं, आणि सगळ्यांपुढे एकच नाव: बंदर. कुणीतरी पहिल्या थ्रेडला ते दिलं होतं. त्याच्या पोटी जन्मलेल्या प्रत्येकाने तेच उचललं. कोण कुणामुळे अडकलंय, कळायला मार्ग नव्हता.

एवान्थियाला एकदम हसू फुटलं.

"हसतेस काय?"

"आमच्याकडे आजोबांचं नाव नातवाला. माझे चार चुलतभाऊ, चौघेही स्तामातिस. आजीने हाक मारली की चौघे धावत यायचे, नाहीतर एकही नाही."

"मग?"

"मग तिने टोपणनावं ठेवली. घोरक्या, बोकड्या, लंबू, रडका."

बोलता बोलता ती एकेका कामाला जन्मताच वेगळं नाव मिळेल अशी ओळ लिहीत होती. तिकिटं, जागा, छपाई, हवामान... सगळं लिहून झाल्यावर तिने प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. थोडा चालला आणि नेहमीसारखा गप्प बसला.

तिने यादी उघडली. आता प्रत्येकाला आपापलं नाव होतं. एका वेळी एकालाच आत जाता येईल अशा सामायिक नोंदींच्या दाराशी 'तिकिटं' बिचारं ताटकळत उभं. आतून कडी लावून बसलं होतं 'हवामान'. वेधशाळेकडून वाऱ्याची खबर येईपर्यंत ते कुणालाच आत घेत नव्हतं.

एवान्थियाच्या छातीवरचा धोंडा उतरला. डोळे भरून आले, ते तिने पुसलेही नाहीत.

"हवामान..." साहेबांनी चष्मा काढला. "ते मीच लिहिलंय की."

जिन्यात मालकांचा आवाज आला. साहेब तिच्या खुर्चीपाशी वाकले.

"एवान्थिया, पोरी, त्या एकाचं नाव परत 'बंदर' करता येईल का? मालक जाईपर्यंत."

सकाळपासून तसंच पडलेलं तिळाचं कुलुरी, पावाचं गोल कडं, एवान्थियाने उचललं, मोडलं आणि अर्धं त्यांच्या हातात ठेवलं.

"घोरक्या आता गावचा पाद्री झालाय, साहेब," ती म्हणाली. "अजून घोरक्याच आहे."