शेऱ्याचा रकाना

मालोजीने दोन कागद हवालदाराच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. लग्नाला पत्रिका जुळवायला ठेवाव्यात तसे.

"काय पाव्हणं," हवालदार रूपेश म्हणाला, "तुमची हजेरी सोमवारी. आज बुधवार हाय. लेकीनं घरातनं काढलं का काय?"

मालोजी हसला नाही. सुरभीने काढलं असतं तर बरं, असं त्याला चार महिन्यांत कितीदा वाटलं होतं. बाप लेकीच्या सासरी दोन दिवस शोभतो. व्याही अजूनही त्याला चहाला मोठ्याने हाक मारत, आणि तेच जास्त लागे.

"वाचा तरी, हवालदार."

पहिला कागद रूपेशच्या ओळखीचा होता. अणुवीज प्रकल्पाविरुद्ध लोक जमवले, शांततेस धोका निर्माण केला, सबब मालोजी यास त्याच्या समुद्राकाठच्या जिल्ह्यातून एक वर्ष तडीपार. याच कागदाने त्याला इथे डोंगराच्या पायथ्याशी, कशेळ्याला आणून टाकलं होतं.

दुसरा नवा होता. त्याच प्रकल्पासाठी मालोजीच्या जमिनीची, गट नंबर ८७ ची, मोजणी. आज, सकाळी अकरा वाजता, जागेवर. स्वतः हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपली हरकत नाही असे समजण्यात येईल.

रूपेशने या कागदाची सही पाहिली, मग त्या कागदाची.

"सायेब एकच?"

"एकच. शिक्के तेवढे दोन."

"मग जायची परवानगी मागायची."

"मागितली. अर्ज विचाराधीन आहे."

बाहेर मुरबाडची जीप माणसं कोंबत होती. रूपेशचा आवाज खाली आला. "जाऊ नका हां. तिकडं पाय ठेवलात तर आत घालतील. जामीन पण मिळायचा नाय."

"गेलो तर गुन्हा, नाही गेलो तर संमती. म्हणून इथे आलो. अकरा वाजता मी कुठे होतो आणि मला तिथे कुणी ठेवलं होतं, एवढं तुमच्या वहीत लिहा."

भिंतीवरच्या घड्याळात अकराला चार मिनिटं होती.

रूपेशने हजेरीची वही ओढली. नाव, गाव, वेळ, सही, शेरा. सतरा सोमवार शेऱ्याच्या रकान्यात त्याच्याच अक्षरात एकच वाक्य उतरलं होतं: वर्तणूक शांत.

"ह्यात दुसरं काय लिवता येत नाय, पाव्हणं. वर तपासतात. माज्या नोकरीवर येईल."

मालोजीने टोपी सारखी केली आणि टेबलापुढे उभा राहिला, मोजणीवाल्यांसमोर आपल्या बांधावर उभं राहावं तसा.

अकरा वाजले. रूपेशने तारीख टाकली, नाव लिहिलं, वेळ लिहिली. शेऱ्यापाशी पेन थांबलं. त्याने वही मालोजीकडे फिरवली, पेन तिच्यावर ठेवलं आणि उठला.

"त्या जीपवाल्याला बघून येतो. रोज रस्त्यातच लावतो मेला." दारात तो थांबला, पण मागे वळला नाही. "सही करा. बाकी मी काय बघितलं नाय."

मालोजीने सही केली. मग पेन घट्ट धरून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: गट नंबर ८७, माझी हरकत आहे. रकाना बोटभर रुंद होता. शेवटची अक्षरं रेघ ओलांडून पानाच्या कडेपर्यंत गेली.