टोपीची कड

दगडी भिंतीमागून पोलिसाच्या टोपीची केवळ कड दिसत होती. वळणाकडे येणारे प्रत्येक वाहन त्या कडेपाशी दचकल्यासारखे मंदावत होते. रस्त्यापलीकडे, झाडाआड साध्या वेषात उभ्या असलेल्या निरीक्षकांच्या स्पीडगनवर तेच ते आकडे उमटत होते. अडतीस. एकोणचाळीस. अडतीस.

त्यामुळे निरीक्षकांचे समाधान होण्याऐवजी संशय दुणावला. चाळीसची मर्यादा इतक्या निष्ठेने पाळणारी माणसे त्यांनी बावीस वर्षांच्या सेवेत पाहिली नव्हती. त्यात समोरासमोर येणारे चालक दिवे मिचकावून परस्परांना सावध करीत होते. या वळणावरच्या हवालदारांच्या नोंदवहीत गेल्या सहा महिन्यांत एकही केस नव्हती. आणि अर्धा तास झाला, तरी ती टोपी तसूभरही हलली नव्हती.

“झोपलाय, नाहीतर सामील आहे,” निरीक्षक स्वतःशी पुटपुटले आणि रस्ता ओलांडून भिंतीमागे गेले.

तेथे झाडूचा दांडा मातीत रोवलेला होता. दांड्यावर टोपी होती. टोपीखाली कोणी नव्हते.

हवालदार सापडले ते वळणापलीकडे, शाळेच्या फाटकाशी. उघड्या डोक्याने पायरीवर बसून ते एका लांब दोरीला हातहातभर अंतरावर गाठी मारीत होते. शेजारी शाळेच्या शिपाई मावशी घड्याळाकडे लक्ष ठेवून होत्या. निरीक्षकांना ओळखताच हवालदारांनी उठून सलाम केला.

“टोपी कुठे आहे?”

“ड्युटीवर आहे, साहेब.”

मावशी घाईने दुसरीकडे पाहू लागल्या.

“चेष्टा पुरे. पिवळं जाकीट घालून, सगळ्यांना दिसेल असं वळणाअलीकडे उभं राहायचं, हे ठाऊक नाही तुम्हाला?”

“पहिला महिना तसाच उभा होतो. मला पाहिलं की चाळीस, मला ओलांडलं की सत्तर. आणि पोरं वळणापलीकडे.”

“मग लपायचं.”

“दुसऱ्या महिन्यात लपलो. केसेस भरपूर झाल्या, वेग तोच राहिला. नोटीस घरी पोचते चार दिवसांनी, साहेब. गाडी फाटकाशी पोचते चार सेकंदांत.”

“आणि गेले सहा महिने ही टोपी. तिनं काय होतं?”

हवालदारांनी गाठ आवळली. “अख्खा पोलीस दिसला की माणूस निर्धास्त होतो. एवढाच आहे, गेला की सुटलो. नुसती कड दिसली की त्याला वाटतं, हा सापडला, पण पुढे आणखी किती बसलेत कुणास ठाऊक. मग तो शाळेपुढच्या पुलापर्यंत हळू जातो. तोवर मी इकडे पोरं पार करतो. एकट्याला दोन्हीकडे कसं पुरणार?”

“दिवे दाखवायला कुणी शिकवलं त्यांना?”

“कुणीच नाही. खात्यानं मला जोडीला माणूस दिला नाही. हे रोज दोनशे जण येतात, बिनपगारी.”

“तुम्ही यांचे साहेब का?” मावशींनी विचारले. “मग एक टोपी जास्तीची द्या हो. उन्हात डोकं तापतं यांचं.”

निरीक्षक हसले नाहीत. “सहा महिने केस नाही, म्हणजे इथे पोलिसाची गरज नाही, असंच मला वर लिहावं लागेल. सोमवारपासून तुम्ही नाक्यावर.”

“आणि इथे?”

“इथे कोणी नाही.”

हवालदारांनी हातातल्या दोरीकडे पाहिले. “साडेचारला लहान वर्ग सुटतात, साहेब. पाचला मोठे. रस्ता सगळ्यांनाच ओलांडायचा असतो.”

“इथली माणसं एवढी साधू आहेत की तुम्ही काही झाकताय, ते मला बघू दे,” असे म्हणून निरीक्षक माघारी वळले. भिंतीमागे येऊन त्यांनी टोपी उतरवली, काखेत धरली आणि स्पीडगन घेऊन ते खाली दबून बसले. रस्त्यावरून आता कोणीच दिसत नव्हते.

शाळेची घंटा झाली.

अठ्ठावन्न. निरीक्षकांनी क्रमांक टिपला. सहासष्ट. तोही टिपला. आपला संशय खरा ठरत असल्याचे समाधान त्यांच्या मुद्रेवर उमटले. एक्काहत्तर. हा क्रमांक अर्धा लिहून होतो न होतो तोच वळणापलीकडून टायर घासल्याचा दीर्घ, कर्कश आवाज आला.

ते धावले.

मोटार रस्त्यात आडवी उभी होती. तिच्यापुढे, जेमतेम वीतभर अंतरावर, हवालदार दोन्ही हात पसरून उभे होते. त्यांच्या पाठीशी ती दोरी रस्त्याच्या मध्यापर्यंत आली होती, आणि एकेका गाठीला एकेक मूल धरून होते. एकाही मुलाने गाठ सोडली नव्हती. फाटकात मावशींचा हात अजून हवेतच होता.

चालकाचा चेहरा पांढरा पडला होता. तो समोर उभ्या असलेल्या हवालदारांकडे पाहत राहिला.

“आज तुम्ही नव्हता,” तो म्हणाला. “मला वाटलं, आज कुणीच नाही.”

हवालदारांनी दोरी हलकेच ओढली. मुले पुढे सरकू लागली.

टोपी अजून आपल्या काखेत आहे, हे निरीक्षकांच्या तेव्हा ध्यानात आले.

लहान वर्ग पार झाल्यावर हवालदार दोरी गुंडाळीत भिंतीपाशी आले. पाचाला दहा मिनिटे कमी होती. टिपलेल्या क्रमांकांचा कागद दगडाखाली दाबून निरीक्षक गुडघ्यांवर बसले होते आणि झाडूच्या दांड्यावर टोपी नीट बसवीत होते. हवालदार रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या चालकाची नजर जिथून पडेल तिथे जाऊन उभे राहिले. मान तिरपी करून त्यांनी क्षणभर निरखले.

“जरा खाली घ्या, साहेब,” ते म्हणाले. “फार दिसतेय.”