ग्लोव्ह आणि गुडघा

फोटोत ग्लोव्ह आणि गुडघा यांच्यामधलं अंतर कंगव्याच्या एका दाताएवढं होतं. डेल ऑस्ट्रमने भिंग लावून ते कितीतरी वेळा पाहिलं होतं. भिंगातून नुसते शाईचे ठिपके दिसत. अंतर खरं की छपाईतलं, ते ठरवता येत नसे.

फोटो १९१७ सालचा, गावातल्याच दोन संघांमधल्या बेसबॉल सामन्याचा. तो डेलच्या सलूनमध्ये आरशाशेजारी टांगलेला होता. चौतीस वर्षांपूर्वी गिऱ्हाइकांनीच थट्टेने आणून लावला होता. काढला असता तर थट्टा आणखी वाढली असती. फोटोत वेस्ली टर्पिन घसरत होम प्लेटकडे येतो आहे; जमिनीतल्या त्या फळीला पाय लागला की धाव पूर्ण. त्याला बाद करायला कॅचर डेल चेंडू धरलेला ग्लोव्ह त्याच्या गुडघ्याला टेकवायला वाकला आहे. मागे पंच एमस क्रेल हातांची घडी घालून उभा आहे. खाली सगळी धूळ.

ती सामना जिंकून देणारी शेवटची धाव होती. धूळ बसायच्या आत लोक मैदानात घुसले आणि त्यांनी टर्पिनला खांद्यावर उचललं. डेल ग्लोव्ह फेकून निघून गेला. त्या संध्याकाळपासून गावात त्याचं नाव 'लोणी' पडलं, कारण त्याच्या हातून सगळं निसटतं.

टर्पिनला सगळे 'मोर' म्हणत. टोपीत मोरपीस खोचून, कोलांट्या मारत तो मैदानात यायचा. एकदा तर खेचरावर बसून आला होता. गावाबाहेर आता त्याला कोणी ओळखत नव्हतं.

आज तो बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसला होता. त्याला मिशी कापून घ्यायची होती, कारण उद्या मैदानावर त्याच्या नावाची पितळी पाटी बसणार होती.

"तुझंही नाव घ्यायला लावलंय बरं का, लोणी," तो म्हणाला. "ऑस्ट्रमच्या हातून निसटून, असं. पितळ आहे, शंभर वर्षं टिकेल."

पाटीवरचा मजकूर उद्या शाळेतलं एक मूल वाचणार होतं, आणि बाईंनी डेलच्या नातीला निवडलं होतं. काल तिने त्याला विचारलं होतं, आजोबा, खरंच निसटला का तो?

उत्तर खुर्चीत बसलं होतं. एमस क्रेल निवृत्त होऊन मार्चमध्ये बहिणीकडे राहायला आला, तेव्हापासून दर गुरुवारी डेल त्याची दाढी करत होता. दर गुरुवारी प्रश्न ओठांपर्यंत येई आणि डेल विचारी, पाणी गरम हवं का?

एमस स्वतःहून फारसं बोलत नसे. आज मात्र त्याने आयोवातल्या एका सामन्याची हकिकत सांगितली. धावणाऱ्याचा पाय वाटेतल्या पहिल्या बेसला लागलाच नव्हता, म्हणजे खरं तर तो बाद होता. सबंध मैदानात ते फक्त एमसने पाहिलं. पण समोरच्या संघाने विचारल्याशिवाय पंचाने सांगायचं नसतं. कोणी विचारलं नाही. एमस तोंड मिटून घरी गेला.

डेलला हसू आलं. "संघातली नऊ गाढवं! एकालाही जीभ नव्हती?"

एमस हसला नाही. आरशातून डेलकडे बघत राहिला. बाकावर टर्पिनने बराच वेळ पान उलटलं नव्हतं.

डेलने वस्तरा पुसला आणि बाजूला ठेवला.

"एमस, एक सांगा. माझा ग्लोव्ह त्याला लागला होता का?"

"नाही," एमस म्हणाला. "तेवढाच राहिला. फोटोत दिसतो तेवढाच."

टर्पिनने मोठा श्वास सोडला. "घ्या. चौतीस वर्षं भिंग घेऊन बसला होता बिचारा. आता नातीला सांग, जोरात वाच म्हणावं."

डेलने टॉवेलची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली. उद्या नात काय वाचेल ते त्याला ऐकू येत होतं. एमस अजून खुर्चीतच होता. दाढी झाली होती, तरी उठत नव्हता. त्याने हातांची घडी घातली होती, फोटोतल्यासारखी. तो कशाची तरी वाट बघत होता.

डेलने फोटोकडे पाहिलं. ग्लोव्हकडे नाही, गुडघ्याकडे नाही. पहिल्यांदाच त्याने खाली पाहिलं, जिथे नुसती धूळ होती.

"आणि त्याचा पाय?" त्याने हळूच विचारलं. "पाय प्लेटला लागला होता?"

वर्तमानपत्र जमिनीवर पडलं. "मिशी काप माझी, लोणी," टर्पिन म्हणाला. "उशीर होतोय."

एमसने हातांची घडी सोडली. उजवी मूठ खांद्यापर्यंत वर नेली.

"विचारायला फार वेळ लावलास, डेल," तो म्हणाला. "आऊट."