हाताने फाडलेलं ठिगळ

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी जुनी पुस्तकं दुरुस्त करतो. सध्या हातात असलेल्या पुस्तकाच्या शेवटच्या तेरा पानांना कसरीने आरपार एकच भोक पाडलं होतं. रोज एक पान घ्यायचं असं मी ठरवलं. ठिगळाचा पातळ कागद मी कात्रीने कापत नाही, हाताने फाडतो. तशी कड पानात मुरते. मग खळ लावायची आणि वर वजन ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी ठिगळ नव्हतं. भोक उघडंच.

ग्रंथपालांना सांगितलं असतं तर माझीच खळ बिघडली म्हणाले असते. म्हणून गप्प राहून पुढचं पान घेतलं. तेही तसंच गेलं. त्याच्या पुढचंही.

तसं माझं लक्षही नव्हतं. बायको वर्षभर अंथरुणाला खिळलेली, पाठीला जखम झालेली. डॉक्टरांनी हात टेकले होते.

आज बाराव्या पानाला ठिगळ लावून घरी आलो, तेव्हा मेहुणी बायकोची पाठ पुसत होती.

"भाऊजी, जखमेवर हे कागद कशाला चिकटवलेत? निघतही नाहीत."

वाकून पाहिलं. एकावर एक ठिगळं बसली होती, कडा हाताने फाडलेल्या. सगळ्यात वरचं अजून ओलं होतं.

बायकोने भिंतीकडे तोंड करूनच विचारलं, "अहो, किती पानं राहिली?"

पुस्तकाचा विषय मी घरी कधीच काढला नव्हता.

"एक," मी म्हणालो.