वाळवंट वाचवा समिती

व्हर्नन टिलबरी माईकसमोर उभा राहिला, तेव्हा अर्धं सभागृह टाळ्या वाजवत होतं. टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांच्या अंगात हिरवे टी-शर्ट होते आणि त्यांवर 'वाळवंट वाचवा' असं छापलेलं होतं. बाहेर ॲरिझोनातला जुलै डांबर वितळवत होता. आत एसी इतका गार होता की बऱ्याच जणांनी ते टी-शर्ट स्वेटरवरून चढवले होते.

"महापौर मॅडम," व्हर्नन म्हणाला, "आमच्या कॉलनीमागच्या मोकळ्या जमिनीवर या बिल्डरला नवी कॉलनी उठवायची आहे. नाव काय, तर क्वेल मेडोज. म्हणजे लाव्यांचं कुरण. आज तिथे खरेखुरे लावे फिरतात. बुलडोझर फिरला की पाटीवर तेवढे उरतील."

हशा पिकला. व्हर्ननला बरं वाटलं. तो स्वतः राहत होता त्या कॉलनीचं नाव कॉटनवुड लेक होतं. कॉटनवुडचं झाड तिथे एकही नव्हतं, आणि तळं म्हणजे गोल्फच्या मैदानातला एक खड्डा होता. पण हे काही त्याच्या मनात आलं नाही. नेब्रास्कातून निवृत्त होऊन तो इथे आला, त्याला फार वर्षं झाली नव्हती. तरी ज्याच्या मागच्या खिडकीतून वाळवंट दिसतं तो इथला मूळचा माणूस, असं त्याचं अगदी प्रामाणिक मत होतं.

मग तो पाण्यावर आला. विहिरी कशा खोल चालल्यात, नदी कशी आटत चालली आहे, हे त्याने रंगवून सांगितलं. भाषण त्याने घरी पोहण्याच्या तलावाच्या कडेला फेऱ्या मारत पाठ केलं होतं. "या गावाला आता आणखी एक घरसुद्धा झेपणार नाही," असं म्हणून तो थांबला. लोक उठून उभे राहिले.

टाळ्या ओसरल्यावर महापौर डोलोरेस अर्मिहो यांनी चष्मा वर सरकवला. "नव्या कॉलनीच्या बाजूने बोलणारं कुणी आहे?"

बिल्डरचा वकील उठायच्या आधी शेवटच्या रांगेतून एक बाई उभी राहिली. अंगात नर्सचे निळे कपडे, पायात रबरी बूट. व्हर्नन मान वळवून बघायला लागला आणि त्याची मान तशीच राहिली. ती जोलीन होती, त्याची मुलगी.

"मी इथल्याच हॉस्पिटलमध्ये काम करते," जोलीन म्हणाली. ती महापौरांकडे बघत होती, बापाकडे नाही. "या हॉलमधल्या निम्म्या लोकांचं रक्त मी काढलेलं आहे. पण राहायला मला इथे जागा मिळत नाही. डोंगरापलीकडे भाड्याच्या ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या घरात, राहतो आम्ही. ड्यूटी संपवून घरी पोचते तेव्हा मुलं झोपलेली असतात. या नव्या कॉलनीत कोपऱ्यातलं घर आम्हाला मिळण्यासारखं आहे. माझे आईवडील तिथून हाकेच्या अंतरावर आहेत. एवढंच."

जोलीन घर शोधते आहे हे व्हर्ननला ठाऊक नव्हतं असं नाही. दर रविवारी जेवताना ती काहीतरी सांगायला सुरुवात करायची, आणि दर रविवारी तो समितीची हकीकत काढायचा. पोरगी हल्ली लवकर उठून जाते, नातवंडं धड दिसत नाहीत, अशी तक्रार मात्र तो बायकोकडे न चुकता करायचा.

"मिस्टर टिलबरी, तुम्हाला यावर काही बोलायचंय?" महापौरांनी विचारलं.

"ती माझी मुलगी आहे."

"बरं. मग?"

व्हर्ननने माईकची दांडी घट्ट धरली. "मग एक घर चालेल."

"काय बोलतोयस तू?" पहिल्या रांगेतून ओरिन कास्क म्हणाला. टी-शर्ट त्यानेच छापून आणले होते.

"एकच म्हणतोय, ओरिन. कोपऱ्यातलं."

"अरे, काही तत्त्व आहे की नाही?"

"तुझा मुलगा चाळिशीला आला. अजून तुझ्या गॅरेजमध्ये झोपतो."

ओरिन खाली बसला. त्याने स्वेटरच्या बाह्या ओढल्या. मग बसल्या बसल्याच म्हणाला, "मग दोन करा."

मागून मिसेस विटाकर उठल्या. त्यांच्या नातवाचं लग्न ठरत आलं होतं, पण नवरी घराशिवाय हो म्हणत नव्हती. कुणाची बहीण मिनेसोटात एकटी पडली होती, घसरून पडली तर उचलायला कुणी नाही. कुणाचा जावई चांगला होता, फक्त लांब होता. हिरव्या टी-शर्टांतले हात एकामागून एक वर होऊ लागले. ज्यांना पोरंबाळं नव्हती त्यांना भाचे आठवले. महापौर आधी बोटांवर मोजत होत्या, मग त्यांनी हात टेबलावर ठेवून दिले.

"आणि पाण्याचं काय?" त्यांनी विचारलं.

"निघेल काहीतरी मार्ग," व्हर्नन म्हणाला. सगळ्या सभागृहाने माना डोलावल्या.

जोलीनने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. तिचे खांदे हलत होते. ती हसतेय की रडतेय, हे व्हर्ननला तिथून कळेना.

बिल्डरचा तरुण वकील भांडायच्या तयारीने आला होता. तो कोटाचं बटण लावत उठला आणि त्याने घसा खाकरला.

"मॅडम, आमची जरा अडचण झाली आहे," तो म्हणाला. "एवढी घरं आम्ही मागितलीच नव्हती."